लिंकनच्या झोपडीतून सुटलेलं घर

कुणाचा निकाल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर अब्राहम लिंकनच्या अपयशांची यादी पडतेच. तुमच्याही पडत असेल. झोपडीत जन्म. २२व्या वर्षी धंदा बुडाला, २३व्या वर्षी निवडणूक हरला, २४व्या वर्षी पुन्हा धंदा बुडाला, २७व्या वर्षी वेड लागायची पाळी आली, ३४ आणि ३९व्या वर्षी काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) पडला, ४५ आणि ४९व्या वर्षी सिनेटला (तिच्या वरच्या सभागृहाला). आणि ५२व्या वर्षी थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष! खाली हात जोडलेले.

यातल्या काही ओळी खऱ्या आहेत. गडबड आहे ती गाळलेल्या ओळींत.

आधी झोपडी. १२ फेब्रुवारी १८०९ला केंटकीत हॉजनविलजवळ ओंडक्यांच्या एका खोलीत लिंकन जन्मले, हे खरं. पण वडील थॉमस भिकेला लागलेले नव्हते. झोपडी होती त्या शेतासाठी त्यांनी २०० डॉलर मोजले होते, आणि १८१४च्या करयादीत ९८ मालमत्ताधारकांत त्यांचा नंबर १५वा होता. घर सोडावं लागलं त्यामागे जमिनीच्या मालकीहक्काच्या भानगडीही होत्या. सातबाऱ्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे तिथल्या स्मारकात जी झोपडी दाखवतात, तिच्या ओंडक्यांची वय सांगणारी वर्तुळं २००४ साली तपासली, तर सर्वांत जुना ओंडका १८४८चा निघाला. त्या वर्षी लिंकन वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचे सदस्य होते.

हो, सदस्य होते. यादीत ते नाहीच. ३४व्या वर्षी ते निवडणूक हरले नाहीत, पक्षाचं तिकीट दुसऱ्याला गेलं. पुढे १८४६ला तिकीट मिळालं आणि ते निवडून आले. ३९व्या वर्षी तर ते उभेच नव्हते. जागा आळीपाळीने घ्यायची, असं त्यांच्या व्हिग पक्षातल्या मंडळींचं ठरलेलं होतं.

२२व्या वर्षीचं दुकान दुसऱ्याचं, लिंकन तिथे नोकर. दुसरं मात्र खरंच बुडालं. भागीदार वारला, सगळं देणं अंगावर आलं आणि ते फेडायला कित्येक वर्षं गेली. हे अपयश मान्य. १८३२चा पराभवही मान्य, फक्त त्यांच्या न्यू सेलम गावातल्या ३०० मतांपैकी २७७ त्यांना पडली होती. त्यानंतर १८३४, ३६, ३८ आणि ४० असे सलग चार वेळा ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. फॉरवर्डमध्ये यातलं एकही साल नाही. जिथे 'वेड' लिहिलंय त्या १८३६मध्येच ते पुन्हा जिंकले आणि वकिलीची सनदही मिळाली. उदासी त्यांना आयुष्यभर पुरली, पण कामं थांबलेली दिसत नाहीत.

सिनेटचे दोन्ही पराभव खरे. पण तेव्हा सिनेटरची निवड राज्याचे आमदार करायचे, जनता नव्हे. १८५५ला पहिल्या फेरीत लिंकनच पुढे होते. नंतर विरोधी माणूस येऊ नये म्हणून त्यांनी आपली मतं लायमन ट्रम्बुल या दुसऱ्या उमेदवाराकडे वळवली.

आता घर. फॉरवर्ड झोपडीतून उडी मारतो तो थेट व्हाइट हाउसमध्ये. मधे इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला, एट्थ आणि जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, लिंकननी १७ वर्षं संसार केला. १८४४मध्ये १२०० डॉलर रोख आणि ३०० डॉलरचा एक प्लॉट देऊन त्यांनी ते घर घेतलं. विकणारे पाद्री चार्ल्स ड्रेसर, म्हणजे ज्यांनी त्यांचं लग्न लावलं तेच. घेतलं तेव्हा घर दीड मजली होतं. १८५०च्या दशकाच्या मध्यात वर पूर्ण मजला चढला. वकिली तोवर चांगलीच जमली होती. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा एक मोठा खटला त्यांनी जिंकून दिला, कंपनी फीला का-कू करायला लागली, तर या गृहस्थांनी स्वतःच्या अशिलावरच दावा ठोकला आणि १८५७ला ५००० डॉलर वसूल केले. घराच्या किमतीच्या तिपटीहून जास्त! १८६१ला वॉशिंग्टनला निघताना घर वर्षाला ३५० डॉलर भाड्याने दिलं. थोरला मुलगा रॉबर्ट याने १८८७मध्ये ते राज्याला देऊन टाकलं, बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत या अटीवर.

राहिली शेवटची ओळ. ६ नोव्हेंबर १८६०ला निवडून आले तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. आणि 'थेट' म्हणाल, तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात रिपब्लिकन पक्षाचं शिष्टमंडळ उमेदवारीचा निरोप घेऊन शिकागोहून आलं, ते याच घराच्या दिवाणखान्यात.