दोन अंशांचा हिशेब

नागपुरात धरमपेठेतल्या टपरीसमोर परवा वाद पेटला तो एसीच्या आकड्यावरून. लेखा विभागात बसणाऱ्या मित्राच्या कार्यालयाने सेटिंग २२ वरून २४ अंशांवर नेले आहे. त्याचा हिशेब सरळ होता: ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, म्हणजे दोन अंशांनी बिल १२ टक्क्यांनी उतरणार.

"बिल नव्हे भाऊ, एसीची वीज," इमारतींच्या एसीची देखभाल करणाऱ्याने त्याला तिथेच अडवले. समजा इमारत महिन्याला २०,००० युनिट वापरते आणि त्यातले निम्मे एसीचे आहेत. तर वाचतील १,२०० युनिट, म्हणजे एकूण वापराचे सहाच टक्के. बिलातला मागणी आकार, म्हणजे कमाल वीजमागणीवर लागणारी रक्कम, तर युनिटांच्या प्रमाणात घटतही नाही.

त्याचा पुढचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटला. भिंती आणि छतातून झिरपणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर ठरते. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना हा फरक २२ वरून २० वर येतो, म्हणजे एसीवरचा तो भार जेमतेम ९ टक्क्यांनी हलका होतो. पावसाळ्यात बाहेर २८ असताना तो ६ वरून ४ वर, म्हणजे थेट एक तृतीयांशाने घटतो. काचेतून येणारे ऊन, संगणक आणि माणसे यांची उष्णता मात्र सेटिंगला जुमानत नाही.

"म्हणजे आपल्या उन्हाळ्यात फायदाच नाही?" लेखावाल्याने विचारले. तसे नाही, देखभालवाला म्हणाला; दोन्ही ऋतूंत भिंतींवाटे टळणारी उष्णता जवळपास सारखीच असते, मे महिन्यात एकूण भारच मोठा असल्याने टक्का तेवढा लहान दिसतो. पावसाळ्यात उलट दमटपणा आडवा येतो आणि कोणीतरी गुपचूप रिमोट २० वर नेतो.

यंदाच्या मे महिन्याचे बिल गेल्या वर्षीच्या बिलाशी ताडून पाहण्याचा बेत अभियांत्रिकीच्या प्राध्यापक मित्राने मोडीत काढला. एका वर्षी नवतपा (मे अखेरचे नऊ तापते दिवस) कडक, दुसऱ्या वर्षी ढगाळ. मग बचत सेटिंगची की ढगांची? त्यापेक्षा एसीला स्वतंत्र मीटर लावून एक आठवडा २२, एक आठवडा २४ असे आलटून-पालटून चालवावे, रोजचे बाहेरचे सरासरी तापमान नोंदवावे आणि सुट्ट्यांचे दिवस वगळून सारख्या तापमानाचे दिवस एकमेकांशी ताडावेत, असे त्याने सुचवले. मला हे पटले.

लेखावाल्याने सांगितले की एसीच्या पॅनेलवर मीटर आहे, पण त्याच पॅनेलवरून लिफ्टही चालते. देखभालवाल्याचे उत्तर तयारच होते: आधी लिफ्टची लाइन वेगळी करा, मग आकडे घेऊन या.