कसं गं जमवतेस?

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले. एवढ्यात "कसं गं जमवतेस सगळं?" हे मला निदान वीसजणांनी विचारून झालंय. नवराही शिक्षकच आहे, दुसऱ्या शाळेत. त्याला एकानेही विचारलं नाही. त्याला विचारतात, "झोप होते का रे?" असो. त्यावर लिहायला बसले तर बाळ उठेल.

माझं उत्तर सरळ आहे. जमत नाहीये. पण त्याचं खापर सगळे ज्याच्या डोक्यावर फोडतात, तो साडेसात महिन्यांचा माणूस निर्दोष आहे, एवढं सांगायला ही पोस्ट.

गणित शिकवते, तर हिशेबच मांडते. तीन वर्ग, प्रत्येकी ४० मुलं, म्हणजे १२० वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरू. (दोन मिनिटांत वही नीट तपासून होत नाही हे तपासणाऱ्याला विचारा, पण धरू.) २४० मिनिटं. चार तास, दर आठवड्याला. माझे ऑफ तास आठवड्यात सहा. त्यातले दोन-तीन कोणीतरी रजेवर असतं म्हणून बदली तासाला जातात. उरलेल्यात टाचण, हजेरीची बेरीज, पालकांचे फोन. मग वह्यांचे चार तास मी आजवर आणत कुठून होते? घरून. रात्री जेवणं झाली की गठ्ठा मांडीवर, हातात लाल पेन. नऊ वर्षं. आणि याचा मला अभिमान होता! "आमच्या बाई वही लगेच देतात" असं एखाद्या पोराने म्हटलं की दिवसभर पाय जमिनीवर नसायचे.

नोकरी नऊ वर्षं घरातून जो वेळ उसना नेत होती, तो मागायला आता घरात हक्काचा वसुलीदार आलाय. रात्री नऊला रडून मागतो, पहाटे तीनला पुन्हा मागतो. त्याच्यामुळे काम वाढलं असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर काम तेवढंच होतं, ते फुकटात कुठे चाललं होतं ते त्याने दाखवून दिलं.

शिकवण्यात एक अडचण बाकीच्या पुष्कळ नोकऱ्यांत नसते. मध्येच उठता येत नाही. टेबलावरची फाईल दहा मिनिटं थांबते, चाळीस पोरं थांबत नाहीत. आणि दुधाला घंटा कळत नाही. तीन-चार तासांत काढलं नाही की छाती दगडासारखी होते, आणि रोज असंच राहिलं तर दूधच आटायला लागतं.

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. आठवीचा वर्ग, फळ्यावर वर्गमूळ. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी प्रवेशाची चौकशी करायला आलं होतं, कडेवर तान्हं मूल. ते रडायला लागलं. बाळ कोणाचंही असो, रडणं कानावर पडलं की ऑक्सिटोसिन, म्हणजे दूध वाहायला लावणारं संप्रेरक, आपलं काम करतं, डोक्याला विचारत बसत नाही. मी हजेरीपट छातीशी धरला आणि खडू हातात तसाच ठेवून उभी राहिले. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, पुढचं मी लिहू फळ्यावर?" तिच्या घरी लहान भावंड असावं, असं मला आपलं वाटलं. तिने उरलेली तिन्ही उदाहरणं लिहिली, एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी तो तास खुर्चीत बसून संपवला.

दूध काढायला मिळालेली जागा म्हणजे प्रयोगशाळेशेजारची साहित्याची खोली. दोन मोडके पृथ्वीगोल, एक मानवी सांगाडा आणि कडी नसलेलं दार. दाराला खुर्ची लावून बसायचं आणि सांगाड्याकडे बघायचं नाही. मी काही जगावेगळं मागत नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात (क्रमांक १८३) निदान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, आणि कामावर परतल्यावर रोज स्तनपानासाठी सुट्टीही आहे. तीही कामाच्या वेळेत धरलेली, पगारी. मी मागितलं एवढंच, की मधल्या सुट्टीला लागून रोज एक ऑफ तास द्या. वेळापत्रक करणाऱ्या सरांनी डोकं खाजवलं, खेळाच्या तासांशी अदलाबदल केली, झालं. दहा मिनिटांचं काम. कडी मात्र मीच आणली.

एक कबुलीही देऊन टाकते. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक सहशिक्षिका होती, तिचं बाळ तेव्हा लहान. घंटा झाली की पर्स उचलून निघायची, बरोबर एकही वही नाही. स्टाफरूममध्ये तिचं नाव 'घंटाबाई' पडलं होतं. ते मी पाडलं नाही, पण हसणाऱ्यांत मी होते. परवा तिला मेसेज केला, चुकलं म्हणून. तिचं उत्तर एका ओळीचं: "काढलेलं दूध चार तासांच्या वर बाहेर ठेवू नकोस, फ्रीजमध्ये टाक."

आता मी दहापैकी दोनच उदाहरणं तपासते. बाकीची उदाहरणं मुलं वर्गात वह्या बदलून तपासतात, मी फळ्यावर उत्तरं सोडवते. काही पालकांनी लगेच विचारलं, बाईंची सही का नाही? आणि याचा तोटा होतो, तो मी लपवणार नाही. सातवीतला एक मुलगा कंस सोडवताना आधीचं वजा चिन्ह खाऊन टाकतो, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. पूर्वी पहिल्याच वहीत पकडलं असतं. ते मला लागलं. पण ते पकडायला शाळेने मला तास द्यावा, घरातल्यांनी का द्यायचा?

सकाळी बाळाला आजीकडे सोडायचं काम नवरा करतो, कारण मी दारात दिसले की तो हंबरडा फोडतो. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळांना कळायला लागतं की डोळ्याआड गेलेलं माणूस कुठेतरी असतं, फक्त आपल्याजवळ नाही. म्हणजे आमच्याकडे हे कळायला आणि शाळा सुरू व्हायला एकच मुहूर्त लागला.

परवा मोह झालाच. त्या सातवीतल्या मुलाची वही घरी आणली, म्हटलं एवढी एकच बघू. बेल वाजली म्हणून दार उघडायला गेले, परत येते तर वहीचा कोपरा बाळाच्या तोंडात. लगदा झालेला. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्याशेजारी लाल पेनाने लिहिलं, "ही सही माझी नाही", आणि वही परत केली. त्याने वाचलं, वही नाकाशी धरून बघितली आणि मागच्या बाकांपर्यंत फिरवून आणली. मग हात वर.

"बाई, दात आलेत का त्याला?"

"खालचे दोन."

"तरीच," तो म्हणाला आणि बसला.