बैलगाडी आठ, एसटी तीन, आणि पायी चालणारा?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ट्रान्स्पोर्टेशन शिकवायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात मी पीसीयूचा, म्हणजे पॅसेंजर कार युनिटचा, तक्ता फळ्यावर लिहिते. रस्त्यावरचं प्रत्येक वाहन कारच्या मापात मोजायचं, एवढाच त्याचा अर्थ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या गावाकडच्या रस्त्यांसाठीच्या १९९० च्या पुस्तिकेत कार १, मोटरसायकल अर्धी, बस किंवा ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, घोडागाडी ४ आणि मोठी बैलगाडी ८.

आठ म्हटलं की वर्ग हसतो. शहरातून आलेली पोरं जरा जास्तच. मग हंगामात त्यांना साखर कारखान्याच्या रस्त्यावर मोजणीला उभं करते. उसानं लादलेली गाडी चढाला लागते, बैल फेस गाळतात, मागं हॉर्नचा कल्ला होतो आणि आठ का, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तक्ता खोटा नाहीच. कोण किती जागा खातं आणि मागच्याला किती रखडवतं, तेवढंच तो सांगतो.

माझं भांडण वेगळंच आहे. या तक्त्यात एसटी म्हणजे तीन कारची अडचण. आत पन्नास माणसं बसलीत, याचा कुठं पत्ताच नाही. तेच पन्नास जण दोघं-दोघं करून कारमध्ये बसवा, पंचवीस पीसीयू झाले. मोटरसायकलवर डबलसीट घाला, तरी साडेबारा. चौथीतलं पोर करील असं गणित, पण रस्त्याची क्षमता काढताना आम्ही ते मांडतच नाही. आणि पायी चालणाऱ्याला तर रकानाच नाही. बैलगाडीला आहे, हातगाडीलासुद्धा आहे!

सिग्नलचंही तेच. दिव्यांच्या वेळा काढायच्या वेबस्टरच्या सूत्रात वाहनांचा ओघ घालायचा, त्या हिशेबानं हिरवा दिवा वाटायचा. चालणाऱ्यांचं शेवटी तपासायचं, वेग सेकंदाला १.२ मीटर धरून. म्हणजे २४ मीटरचा रस्ता वीस सेकंदांत पार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला धरून असाच एक चौक ओलांडत होते, तर दुभाजकापाशीच दिवा बदलला. तिथंच उभ्या राहिलो दोघी, दोन्हीकडून गाड्या. आई म्हणाली, "हेच शिकवतेस ना गं तू?" मी गप्प.

फूटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचीच आयआरसी १०३ ही पुस्तिका आहे. चालायला किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा हवी, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण आमच्याकडे तो भाग तास संपता संपता उरकला जातो, कारण परीक्षेत येत नाही. लॅबमध्ये तर आठवडेच्या आठवडे खडी आणि डांबर. लॉस एंजेलिस, पेनिट्रेशन, मार्शल, सगळ्या त्यांच्याच चाचण्या. रेल्वे, बंदरं, विमानतळ एका पेपरात कोंबलेले. पोरांची समजूत होते की वाहतूक म्हणजे डांबर आणि प्रवासी म्हणजे गाडी. पुढं हीच पोरं कन्सल्टंटकडे लागतात, उड्डाणपुलांचे अहवाल लिहितात. त्यांना नावं ठेवून काय उपयोग? रकाने आम्हीच आखून दिलेत.

म्हणून दोन वर्षं झाली, मी मोजणीला दोन कागद देते. एक नेहमीचा पीसीयूचा, दुसरा माणसांचा. एसटी समोरून गेली की पोरं गांगरतात, आतली डोकी कशी मोजायची? मग त्यांनीच प्रतवारी लावली: रिकामी, बसलेली, उभी आणि लोंबकळणारी. एकानं विचारलं, "मॅडम, ट्रिपल सीटला अर्धाच ना?" म्हटलं, पहिल्या कागदावर अर्धा, दुसऱ्यावर तीन. आणि तू स्वतः तसा येत असशील तर मला दिसू नकोस.

परवा पाचला शाळा सुटली. कारच्या रकान्यात अजून मोकळी जागा होती. पायी चालणाऱ्यांचा भरून गेला, तेव्हा एका मुलीनं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला रेघा मारायला लागली. पुढच्या खेपेला पुरवण्या नेणार आहे.