पास वसूल झाला का हो?

नागपूरकराला वॉटर पार्कचा वार्षिक पास जानेवारीतच विकावा लागतो आणि विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. तेव्हा हवा छान असते, माणूस स्वेटर घालून मॉलमध्ये उगाच फिरत असतो, आणि टाय लावलेला एक पोरगा स्टॉलवरून हाक मारतो, "सर, चार तिकिटांच्या पैशात वर्षभर अनलिमिटेड!" बायकोने तिथल्या तिथे मोबाइलवर हिशोब केला, चार वेळा गेलो की पाचव्यांदापासून सगळं फुकट, आणि मेमध्ये तर रोजच जावंसं वाटणार कारण नवतप्याच्या त्या भट्टीसारख्या नऊ दिवसांत आपला कूलर नवीन ताट्या लावूनही गरम हवाच फेकतो. साळा सोबत होता, त्याने स्वतःच्या घरचेही काढले आणि वर मलाच ज्ञान दिलं, "भाऊजी, येवढा विचार काहून करून राहिले, उन्हाळाभर पोट्टे तिथंच पडले राहतीन, घरात शांती." शांती ऐकून मी कार्ड काढलं.

लगेच फोटो काढला. त्या फोटोत मी मफलर गुंडाळून, केस विंचरून, कोणाच्या तरी साखरपुड्याला निघालोय असा दिसतो. मे महिन्यात गेटवरचा गार्ड हा फोटो बघतो, मग टोपी, घाम आणि उन्हाने लाल झालेला माझा चेहरा बघतो, मग परत फोटो बघतो. "हे तुम्हीच हाय का?" हो म्हटलं की म्हणतो, अंगठा लावा. अंगठ्याचंही सकाळी ठीक असतं. भानगड दुपारी होते. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, आतलं खाणं घ्यायला खिशाची बंदी, म्हणून आमच्यासारखे सगळे पासवाले जेवायला पार्किंगमध्ये गाडीपाशी येतात, डिक्की उघडतात, सांबारवडी अन् दहीभात हाणतात आणि परत आत जातात. पण तोवर वेव्ह पूलमध्ये दोन-तीन तास भिजून अंगठा पांढरा पडून पार सुरकुतलेला असतो आणि मशीन म्हणते, तुम्ही तुम्ही नाही. गार्ड आपल्या रुमालाने अंगठा पुसतो, फुंकर मारतो, मशीनची काच शर्टाला घासतो, आणखी एकदा दाबायला लावतो, मागे ओल्या नायलॉनच्या कॉश्च्यूममधले चाळीसेक लोक तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत असतात. जुने पासवाले यावर उपाय सांगतात, अंगठा गेटच्या लोखंडी रेलिंगवर टेकवायचा. 45 डिग्रीत सुरकुती जाते की नाही ते सोडा, पण माणूस असा काही बोंबलतो की गार्ड घाबरून तसाच आत सोडतो.

पासवाल्यांसाठी वेगळी लाईन आहे, बोर्डावर लिहिलंय 'जलद प्रवेश'. ती लाईन टोल नाक्याकडच्या रस्त्यापर्यंत जाते. तिकीटवाल्यांची खिडकी रिकामी असते, तिथला पोरगा रील बघत बसलेला असतो, कारण जानेवारीत त्या टायवाल्या पोराने अर्ध्या नागपूरला पास विकलेला आहे. एकदा बायको उन्हात उभी राहून इतकी वैतागली की म्हणाली, अहो, आज तिकीट काढूनच जाऊ ना आत. मग तिलाच हसू आलं, मला मात्र आलं नाही कारण मी मनातल्या मनात हिशोब करत होतो की तिकीट काढलं तर आजची फेरी पासात धरायची की नाही.

हिशोब हा या पासाचा खरा आजार आहे. तिकीट काढून गेलेला माणूस मजा करतो, पासवाला वसूल करतो. पोरीला ताप आलाय, साळ्याच्या घरी सत्यनारायण आहे, काहीही असो, घरात एकच वाक्य ऐकू येतं, "पास फुकट जाऊन राहिला न." शेजारच्या काकू तर फाटकात दिसल्या की पहिला प्रश्न, "काय मग, पास वसूल झाला का हो?" फुटाळा तलावावर जाऊन संध्याकाळी वाऱ्यात बसणं, कणीस खाणं, हे सगळं आमच्याकडे बंद पडलं, कारण फुटाळ्याचा पास नाही, म्हणजे तिथे गेलं तर वसूल काय करणार.

आणि मग नेहमीची मंडळी. हे रिटायर झालेले काका लोक, बऱ्याच वर्षांचे पासवाले, यांना पार्कचा एकेक नळ माहीत. सकाळी गेट उघडलं की हे वेव्ह पुलात कमरेएवढ्या पाण्यात गोल गोल वॉकिंग करतात, छत्रीखालच्या खुर्च्यांवर आधीच टॉवेल टाकून ठेवतात, लाइफगार्डला त्याच्या लग्नाचं विचारतात. स्लाइडचा रंग निळ्याचा पिवळा केला तर यांनी आठवडाभर सुतक पाळलं. एक काका मला म्हणाले, "पहिलेची मजा नाही राहिली बाप्पा, आता कोणीही येऊन राहिलं." कोणीही म्हणजे मी. त्यांना स्वतःला स्लाइडवरून घसरताना मी कधी पाहिलेलं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण प्रेम म्हणाल तर मालकालाही नसेल एवढं.

या प्रेमाचं मालकाने काय करायचं हा प्रश्न नागपूरचाच नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड 17 जुलै 1955 ला उघडलं तेव्हा ते आमंत्रितांसाठीच होतं, तरी नकली तिकिटवालेही घुसले आणि आकडा 28 हजारांच्या आसपास गेला, एका बहाद्दराने तर कुंपणाला शिडी लावून माणशी 5 डॉलर घेतले असं सांगतात. (शिडीवाला इकडचा असता तर त्याने शिडीचाही वार्षिक पास काढला असता.) तिथे आधी प्रत्येक झुल्याची वेगळी कूपनं असत, 1982 मध्ये ती पूर्ण गेली आणि एकदा आत शिरलं की सगळं खुलं. पुढे वार्षिक पास आले, मग हप्त्यावर पास आले, आणि लोक ऑफिस सुटल्यावर नुसतं काहीतरी खायला डिस्नीलँडला जायला लागले. गर्दी इतकी की 2016 मध्ये दिवस बघून भाव ठरायला लागले, स्वस्त दिवस, नेहमीचे दिवस, गर्दीचे दिवस. कोरोनात पार्क बंद होतं तेव्हा, जानेवारी 2021 मध्ये, कंपनीने जुना पासच मोडीत काढला आणि ऑगस्टमध्ये त्याच्या जागी 'मॅजिक की' आणली, 399 डॉलरपासून 1,399 डॉलरपर्यंत चार प्रकार, आणि नुसती किल्ली असून उपयोग नाही, कोणत्या दिवशी येणार ते आधी बुक करायचं. सगळ्यात महागड्या किल्लीला एकही दिवस बंद नाही असं सांगितलेलं, पण बुकिंग करायला गेलं की जागाच नाही. म्हणजे दार बंद नव्हतं, फक्त उघडत नव्हतं. केस झाली, 2023 मध्ये 95 लाख डॉलरवर मिटली, हे महागड्या किल्लीवाले लाखाच्या वर, त्यामुळे वकिलांची फी वगैरे वजा जाता एकेकाच्या वाट्याला साधारण 67 डॉलर.

हे मी कशाला वाचून बसलो म्हणाल तर आमच्या पार्काने यंदा तेच केलं म्हणून. पासाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, मेचे रविवार, सरकारी सुट्ट्या 'आणि व्यवस्थापनाने ठरवलेले इतर दिवस' सोडून अनलिमिटेड. वर अॅप आलं. रात्री बाराला पुढच्या आठवड्याचे स्लॉट उघडतात, पासवाल्यांसाठी रोजच्या जागा ठरलेल्या. मी, बायको, साळा, तिघे तीन मोबाइल घेऊन पलंगावर बसून. बाराला गोल फिरणारं चक्र. बारा वाजून दोन मिनिटांनी ओटीपी. ओटीपी टाकेस्तोवर सगळं लाल. फक्त मंगळवार दुपारी बारा ते तीन हिरवा, म्हणजे नागपुरात ज्या वेळी बाहेर पडू नका असं प्रशासन दरवर्षी सांगतं नेमका तो टाइम. तेही काकांना मिळालं नव्हतं, त्यांच्याकडे साधा फोन. तर काका लोकांनी काय करावं, एका नातवाला बसवलं, त्याने सगळ्यांचे स्लॉट काढले आणि प्रत्येकाकडून आइस्क्रीम वसूल केलं. घरात खरा पास कोणाचा वसूल झाला असेल तर या पोट्ट्याचा.

मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. जानेवारीत त्याला पैसा लागतो, मोटारी, फिल्टर, रंगरंगोटी, सगळं सीझनच्या आधी, आणि सीझन म्हणजे आपल्याकडे एप्रिल ते अर्धा जून, बस. तेव्हा पासवाला देव असतो. पण मेमध्ये तोच पासवाला खुर्ची अडवतो, लॉकर अडवतो, डिक्कीतली सांबारवडी खातो, आणि कॅन्टीनमध्ये साधं पाणीही घेत नाही. बाहेरगावावरून वर्षातून एकदा आलेला माणूस मात्र तिकीट काढतो, कॉश्च्यूम भाड्याने घेतो, दोनदा मॅगी खातो आणि ओल्या पोराचा फोटो फ्रेम करून नेतो. पासवाला म्हणजे अधिक महिन्यातला जावई, मानाने बोलवावं लागतं, वाण द्यावं लागतं, पण तो महिनाभर मुक्कामालाच राहिला की सासरा कॅलेंडर बघायला लागतो. डिस्नीवाल्यांनी हे 2022 मध्ये हिशोबाच्या कागदात चक्क लिहिलं, की डिस्नीलँडला येणाऱ्यांचं मिश्रण प्रतिकूल आहे. पासवाल्यांनी ते बरोबर स्वतःवर घेतलं आणि काय केलं, तर 'प्रतिकूल' असं छापलेले टी-शर्ट काढले. राग आला म्हणून जाणं बंद केलं असं नाही, राग आला तो घालून परत तिथेच.

आमच्याकडेही मोर्चा निघाला. काका मंडळी, मी, साळा असे आम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो, केबिनला एसी होता त्यामुळे मोर्चा बराच लांबला. काका म्हणाले, "आम्ही इतके जुने मेंबर, अन् आम्हालेच बाहेर ठेवून राहिले?" मॅनेजर हुशार माणूस, त्याने सगळ्यांना ताक पाजलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही तर आपल्या घरचे. घरच्यांनी पाहुण्यांसाठी थोडं सरकून घ्यावं न." यावर काय बोलणार. काकांनी ताक संपवलं आणि दुसरा ग्लास मागितला.

मग जून अर्धा सरला आणि पाऊस आला. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा उघडतात म्हणून पोरं अजून घरीच, बाहेर धो धो, आणि एका सकाळी बायकोने अॅप उघडलं तर सगळेच्या सगळे स्लॉट हिरवे, रविवारसुद्धा. ती काही बोलली नाही, फक्त कपाटातून कॉश्च्यूमच्या पिशव्या काढल्या. रेनकोट घालून वॉटर पार्कला जाणारं आमचंच एक कुटुंब असेल असं मला वाटत होतं, तर पार्किंग भरलेलं. वेव्ह पूल बंद, विजा चमकत होत्या म्हणून स्लाइडही बंद, आणि पत्र्याच्या शेडखाली सगळे पासवाले अंगावर टॉवेल घेऊन उभे, काका खुर्ची धरून बसलेले.

मॅनेजर छत्री घेऊन आला, आम्हाला बघून कपाळाला हात लावला. "पावसातही सोडत नाही का बाप्पा तुम्ही?" मग आमच्याकडे नीट बघितलं, आत गेला आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. पुढच्या वर्षीचा पास, आता घेतला तर जुन्या मेंबरला सूट, हप्तेही चालतील.

"त्यात मेचे रविवार येतात का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"स्लॉट?"

"ते तर राहीनच न."

शेडमध्ये जरा चुळबूळ झाली. साळ्याने पेन मागितला.