घातांक जमिनीवर आणण्याचे उपाय

क्लास काढलाय, सराव पेपर छापायचेत आणि दहाचे घात आडवे येताहेत? घोर करू नका. नागपुरातल्या एका क्लासचा छापील पेपर परवाच हाती पडला. त्यातून मिळालेलं सगळं ज्ञान तुमच्या चरणी अर्पण.

सगळ्यात आधी पीडीएफमधून प्रश्न उचला, वर्डमध्ये डकवा आणि थेट छपाईला धाडा. मधे वाचायचं नाही. वर लिहिलेला बारका घातांक ही नुसती मांडणी असते. साध्या मजकुरात उतरला की तो निमूट ओळीत येऊन बसतो. १०^८, म्हणजे एकावर आठ शून्यं, त्याचे झाले १०८. जपाची माळ तयार!

आता विज्ञानाची प्रगती बघा. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०८ मीटर. गुणा, ३२४ येतात. मे महिन्यात पारा ४५ वर असताना आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर धावतो. म्हणजे वीज आधी कडाडणार, मग चमकणार. सूर्याचं अंतर १.५ × १०११ मीटर, म्हणजे १५१६.५. नागपुरातल्या झीरो माइलच्या दगडापासून मोजलं तर सूर्य दीड किलोमीटरवर, महापालिकेच्या हद्दीत! नागपूरकर उन्हाळ्यात का भाजतात, हे कोडं एकदाचं सुटलं. १८ ग्रॅम पाण्यात रेणू ६.०२२ × १०२३, म्हणजे सहा हजार एकशे साठ; एका दुपारी मोजून होतील. आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार? १.६ × १०-१९. सोळातून एकोणीस गेले, उणे तीन कूलोम. चिन्ह तरी बरोबर आलं, हेही नसे थोडके.

बेरजेत पुढचे आकडे मिळवा आणि घातही मिळवून टाका. ३ × १०^५ अधिक २ × १०^४ बरोबर ५ × १०^९. खरं उत्तर ३.२ × १०^५ आहे, पण त्यासाठी आधी दुसऱ्या संख्येचे ०.२ × १०^५ करून घात सारखे करावे लागतात. एवढा वेळ कोणाला आहे?

कॅल्क्युलेटरवर ३ गुणिले १० दाबा, मग ईएक्सपी, मग ८. त्या बटणातच 'गुणिले दहाचा घात' असतो, त्यामुळे उत्तर दहापट. फुकटात!

चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना दहा हजारांऐवजी शंभरनेच भागा.

बातमीत बिलियन दिसलं की बेधडक कोटी लिहा. दोन शून्यांनी कुणाचं काय अडलंय?

उत्तरसूचीतही तोच १०८ राहू द्या. पर्याय (अ) १०५ आणि (ब) १०-५. पोरांनी समजून घ्यावं. बारावीचं पोर घेतंही समजून, त्याने तो आकडा दहा वेळा पाहिलेला असतो. आठवीचं पोर पहिल्यांदा पाहतंय, ते वहीत एकशे आठच उतरवतं आणि घरी तेच पाठ करतं. फीच्या पावतीत एक शून्य कमी पडलं असतं तर संध्याकाळच्या आत फोन आला असता ना? मग काऊन बाप्पा, पोरांच्या पेपरातले तेवीस शून्य कोणालाच दिसत नाहीत? नावापुढे पदव्या लावता, दारावर टॉपरांचे फोटो लावता, आणि छापून आलेला कागद एकदा डोळ्याखालून घालत नाही? लाज वाटायला हवी.

खरा उपाय एवढाच: वर्डमध्ये घातांक निवडायचा, कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं बटण एकत्र दाबायचं. तो वर जातो. ऋण घात असेल तर उणेचं चिन्हही सोबत निवडायचं, नाहीतर ते खालीच राहतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर सरळ १०^८ लिहायचं. छपाईआधी 'शोधा'मध्ये १० टाकून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघायची. एवढंही होत नसेल तर पेपर काढू नका, आणि त्याचे पैसे तर मुळीच घेऊ नका.