हाइनरिख फॉन प्लाउएन मत्सराचा बळी नव्हता

इतिहासाच्या ग्रुपांवर एक गोष्ट वरचेवर फिरते. १५ जुलै १४१० रोजी टॅनेनबर्गला पोलंड-लिथुआनियाच्या फौजेने ट्यूटॉनिक ऑर्डर, म्हणजे प्रशियावर राज्य करणारा जर्मन धर्मयोद्ध्यांचा संघ, एका दिवसात संपवली; हाइनरिख फॉन प्लाउएन या जर्मन सरदाराने एकट्याच्या बळावर मारियनबुर्गचा किल्ला, म्हणजे ऑर्डरचं मुख्य ठाणं राखलं; आणि मत्सराने जळणाऱ्या सोबत्यांनी त्याला पदावरून काढून, फितूर ठरवून अंधारकोठडीत मारलं. ऐकताना रक्त सळसळतं, पण यातलं फार थोडं टिकतं.

ऑर्डर संपली? ग्रँड मास्टर, म्हणजे ऑर्डरचा प्रमुख उल्रिख फॉन युंगिंगेन आणि तिचे दोनशेहून अधिक बंधू, म्हणजे शपथबद्ध सदस्य रणात पडले, हे खरं. तरी प्रशियातली तिची सत्ता १५२५ पर्यंत राहिली, आणि धर्मसंस्था म्हणून ती आजही आहे.

एकट्याने? प्लाउएन तेव्हा श्वेत्सचा कोमटुर, म्हणजे तिथल्या ठाण्याचा प्रमुख होता, लढाईत नव्हताच. पराभवाची खबर लागताच तो माणसं घेऊन मारियनबुर्गला धावला आणि शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून किल्ल्याला लागून असलेलं शहर त्याने जाळलं. निर्णय क्रूर होता आणि अचूकही. पण त्याला उसंत मिळाली ती पोलंडचा राजा यागिएवो याच्यामुळे. शंभरेक किलोमीटरचं अंतर कापायला राजाने दहा दिवस घेतले. पुढे वेढ्याच्या छावणीत हगवण पसरली, लिथुआनियाचा व्हिटाउटास माघारी गेला आणि १९ सप्टेंबरला वेढा उठला. तटबंदीवर ऑर्डरच्याच ताब्यातल्या डान्सिग बंदरातून आलेले खलाशीही लढले होते. त्यांना ही गोष्ट विसरते.

मत्सरापायी काढलं, हे मला सर्वांत खटकतं. नोव्हेंबर १४१० मध्ये तो ग्रँड मास्टर झाला. पोलंड-लिथुआनियाशी झालेल्या १४११ च्या थॉर्नच्या तहाने ऑर्डरवर एक लाख शॉक प्राग ग्रॉशेनचा बोजा पडला. एका शॉकमध्ये साठ नाणी, म्हणजे साठ लाख नाणी! ती कराच्या रूपाने शहरांकडून उकळायची होती. डान्सिगने नकार दिला, तेव्हा एप्रिल १४११ मध्ये महापौर लेट्सकाउ आणि हेख्ट यांना वाटाघाटीसाठी किल्ल्यात बोलावून ठार मारलं गेलं. डान्सिगचा कोमटुर प्लाउएनचाच नातलग होता आणि त्याचंही नाव हाइनरिख. एवढं होऊनही १४१३ मध्ये प्लाउएनने पुन्हा पोलंडवर सैन्य पाठवलं. मार्शल, म्हणजे ऑर्डरचा सेनाप्रमुख मिखाएल क्यूखमाइस्टर ते अर्ध्यातून परत घेऊन आला. त्याला जाब विचारायला प्लाउएनने चॅप्टर, म्हणजे बंधूंची सभा बोलावली. त्या सभेने ऑक्टोबरमध्ये प्लाउएनलाच पदावरून उतरवलं.

तो वंशपरंपरेने गादीवर बसलेला राजा नव्हता. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घेतलेला बंधू होता, आणि त्याला निवडणाऱ्या ऑर्डरपुढे तो उत्तरदायी होता. क्यूखमाइस्टरला स्वतःला सत्ता हवी होती, यात शंका नाही. पुढचा ग्रँड मास्टर तोच झाला. पण कर, रक्तपात आणि नव्या युद्धाची धास्ती वगळून नुसता मत्सर उरवणं हा त्या सभेवर अन्याय आहे.

फितुरीचा आळ निव्वळ हवेतला नव्हता. १४१४ मध्ये तो डान्सिगवाला नातलग खरोखर पोलंडला पळाला. थोरल्या प्लाउएनला मात्र त्यापायी कितीतरी वर्षं कैद भोगावी लागली, आणि ही शिक्षा मला फार कठोर वाटते.

राहिला अंधारकोठडीतला मृत्यू. १४२९ मध्ये ऑर्डरने त्याला लोखश्टेटच्या किल्ल्याचा अधिकारी नेमलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. त्याला पुरलं मारियनबुर्गच्या सेंट अ‍ॅन चॅपेलमध्ये, ग्रँड मास्टरांच्याच दफनस्थानी.