शोकेस चार फुटांची, घोडा साडेपाच कोटी वर्षांचा

प्रागैतिहासिक घोड्यांच्या कवट्यांच्या प्रतिकृती जमवायचं ठरवलंत? उत्तम! आता आधी शोकेस मोजून घ्या. घोड्याच्या उत्क्रांतीत काय घडलं आणि काय नाही, हे शेवटी तिच्या लांबीवरच ठरतं.

चार फुटांत पाच कवट्या बसतात, त्याही तोंडं समोर करून. डावीकडे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा इओहिप्पस; कोल्ह्याएवढा, पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना तीन. पाहुणे ‘कुत्रा का?’ म्हणतील, मनावर घेऊ नका. पुढे मेसोहिप्पस, मेरिकिप्पस, प्लायोहिप्पस आणि उजव्या टोकाला एका खुराचा इक्वस, म्हणजे आजच्या घोड्याचं कूळ. शाळेच्या फोटोत उभे केल्यासारखे, उंचीप्रमाणे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे जीवाश्मतज्ज्ञ ओथनिएल मार्श यांनीही घोड्यांची अशीच एक रांग लावली होती आणि १८७६ मध्ये ती पाहून डार्विनचे खंदे समर्थक थॉमस हक्स्ली भारावले होते. तुमचं वाचन इथेच थांबवा. पुढच्या संशोधनात ही रांग उरतच नाही, तिचं झुडूप होतं: नुसत्या फांद्या, त्यातल्या बहुतेक वाळलेल्या. झुडूप शोकेसमध्ये मावत नाही.

प्रतिकृती रेझिनची घ्या. जबड्याच्या कडेने साच्याची बारीक रेघ उरलेली असते, ती पॉलिश पेपरने घासा. मग कोऱ्या चहाच्या रंगाचा पातळ हात फिरवा आणि दाढांच्या खाचांत तो जरा जास्त मुरू द्या. दाढांकडे मात्र फार वेळ बघत बसू नका. मेसोहिप्पसच्या बुटक्या दाढा कोवळा पाला चावायच्या. मेरिकिप्पसच्या उंच, कारण गवतातली सिलिका आणि त्यावरची धूळ दात झिजवते. माळरानं पसरली त्याची अख्खी हकिकत त्या दोन दाढांत आहे. पण त्यात रमलात तर संग्राहक राहणार नाही, अभ्यासक व्हाल. त्या लोकांच्या घरी शोकेस नसते, खोकी असतात.

‘हे सापडलं कुठे?’ असं कुणी विचारलंच, तर सह्याद्रीकडे बोट दाखवू नका. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, घोडे त्यानंतरचे. बेधडक अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं हॅगरमन सांगा. स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेने १९२९ पासून तिथे घोड्यांचे सांगाडे खणून काढले आणि १९८८ मध्ये आयडाहोने तो घोडा राज्याचं जीवाश्म म्हणून मिरवायला घेतला.

सगळं जमलं तरी एका ठिकाणी घोडं पेंड खातं: नॅनिप्पस. हा तीन बोटांचा बुटका घोडा हॅगरमनच्या एकखुरी घोड्याच्या काळातही उत्तर अमेरिकेत चरत होता. म्हणजे कालक्रमाने त्याला उजव्या टोकाला बसवायचा, आणि उंचीची सगळी चढण तिथेच कोसळणार. त्याची प्रतिकृती विकतच घेऊ नका. कुणी भेट दिलीच तर इक्वसच्या पोटाशी ठेवा आणि शिंगरू म्हणून सांगा. पाय सोबत आले असतील, तर ते माळ्यावर टाका.